बिनआवाजाचं यंत्र

बागेतलं गवत पेट्रोलच्या यंत्रानं कापत, तेव्हाची गोष्ट. ते धडधडू लागलं की टिटवीची दोन्ही पिल्लं त्याला शिव्या घालत कुंपणाकडे पळत.

एकदा माळ्यानं त्याच्या जागी बॅटरीवरचं नवं यंत्र आणलं. ना धूर, ना गोंगाट.

"सुटलो त्या खोकणाऱ्या म्हाताऱ्यापासून!" धाकटा म्हणाला. "दादा, आता खुशाल झोप."

दादा गवतातच झोपला. चाहूलही न देता यंत्र त्याच्यावरून गेलं.

धाकटा यंत्रावर धावून गेला. "माझ्या दादाला मारलंस तू!"

"मी? मी तर आवाजसुद्धा केला नाही," यंत्र म्हणालं.

धाकटा आकांतानं ओरडत राहिला. बाकावर बसलेल्या एक बाई वैतागून माळ्याला म्हणाल्या, "यंत्र किती शांत आहे! या टिटवीचंही काहीतरी करा हो."