दारावरचे चुन्याचे पट्टे

डोंगरापलीकडच्या एका राज्यात घोंगड्या विणणारा एक विणकर राहत होता. तिथली रीत अशी, की होळीनंतरच्या सोमवारी प्रत्येक कारागिराने चावडीवर जाऊन वर्षभराची कमाई आपल्या तोंडाने सांगायची आणि दहातला एक वाटा राजाला द्यायचा. जो येणार नाही त्याच्या दारावर दर पौर्णिमेला शिपाई चुन्याचा पट्टा ओढायचा. विणकराला एका पट्ट्यामागे एक घोंगडी दंड, आणि बारावा पट्टा पडला की माग जप्त.

त्या वर्षी लेकीच्या बाळंतपणात विणकराने राजाच्या वाट्याच्या दोन घोंगड्याही विकून टाकल्या. सोमवार उजाडला, पण त्याचा पाय चावडीकडे वळेना.

बायको म्हणाली, "अहो, निदान जाऊन सांगून तरी या."

"रिकाम्या हाताने? तिथेच धरून ठेवतील मला."

शेजारच्या कुंभाराचाही वाटा द्यायचा राहिला होता. तो मान खाली घालून गेला. चावडीवरच्या कारकुनाने त्याला चार शब्द सुनावले, एक मडके जास्त लावले आणि दिवाळीपर्यंत मुदत दिली. विणकराला हे कळले, पण आता उशीर झाला म्हणून त्याला आणखीच भीती वाटू लागली.

पहिला पट्टा पडला, मग दुसरा. बाहेर वहाण वाजली की तो कणगीमागे दडून बसे. मागाच्या खटखटीने आपण घरात आहोत हे कळेल, म्हणून या शहाण्याने विणणेच बंद केले. दंडाच्या घोंगड्या वाढत गेल्या आणि घरात एकही विणली जाईना. अकराव्या पट्ट्यानंतर त्याला अन्न गोड लागेना.

बाराव्या पौर्णिमेला शिपायासोबत कारकूनही आला. त्यांच्याबरोबरची माणसे माग सोडवू लागली. विणकराने कारकुनाचे पाय धरले.

"दोन घोंगड्यांसाठी माझा माग नेता, साहेब?"

"दोन घोंगड्या राहिल्या त्याचा दंड अर्धी घोंगडी होता," कारकून म्हणाला. "बाकीचे सगळे तू आला नाहीस त्याचे आहे."

"आलो असतो तर?"

कारकुनाने वही उघडून दाखवली. कुंभाराच्या नावापुढे दोन ओळी होत्या: 'येऊन सांगितले. दिवाळीपर्यंत मुदत.' विणकराच्या नावापुढची जागा कोरी होती.

"वर्षभर ही जागा तुझ्यासाठी ठेवली होती," असे म्हणून त्याने वही मिटली. मागाच्या जागी जमिनीत पाय सोडून बसायचा नुसता खड्डा उरला.

तात्पर्य: देणे द्यायला जमले नाही तरी वेळेवर जाऊन सांगावे, लपून बसणाऱ्याला देण्यापेक्षा लपण्याचाच दंड जास्त पडतो.