बशीतला नाच

"आधी नावं सांगू, की आधी कोळी दाखवू, सर?"

ऋजुता परब पायरीवरच धापा टाकत उभी होती. दोन्ही हातांत एकेक काचेची बाटली, आणि आनंद तर पोटात मावत नव्हता.

तळवणेकर सरांचं उभं आयुष्य कोळी बघण्यात गेलं होतं. काही नवं सापडलं की त्यांचे विद्यार्थी आधी त्यांच्या ओसरीवर येत.

"दाखव."

"हा काळा. कपाळावर पांढरा पट्टा, बघा! काजूच्या पानावर उड्या मारत होता. आणि ही तपकिरी जात, दिसायला साधीच… उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नव्या जाती, सर! कुणीच नोंदवलेल्या नाहीत! उद्या लेख पाठवतेय."

"नावं?"

"काळ्याला तुमचं. तपकिरीला माझ्या गावाचं."

तिने मान ताठ केली. शोधणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं नाही, हा रिवाज. पण गावाचं द्यायला कोण अडवतंय? बाईसाहेबांनी सगळं ठरवूनच ठेवलं होतं.

"तपकिरी कुठे मिळाला?"

"त्याच काजूवर. सालीखाली."

"हं…"

सरांनी चहाची पांढरी बशी धोतराने पुसली आणि दोन्ही बाटल्या तिच्यात उपड्या केल्या.

"सर! पळतील! तीन वर्षं रान तुडवलंय मी…"

सरांनी ओठांवर बोट ठेवलं.

काळा थबकला. मग त्याने पुढचे दोन पाय उंच केले… हलवले… डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला. पुन्हा पाय वर. पठ्ठ्या चक्क नाचत होता!

तपकिरी वळली आणि मोठाले डोळे रोखून त्याच्याकडे बघत बसली.

ऋजुता बशीवर वाकली.

"नर… आणि मादी," ती शेवटी पुटपुटली. "जात एकच आहे."

केवढी फजिती! उद्या लेख गेला असता तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. तिला लाज वाटायला हवी होती, पण अंगावर काटा आला होता आणि हसू आवरत नव्हतं. हा नाच आजवर कुणी लिहूनसुद्धा ठेवला नव्हता.

मग तिला नावं आठवली. तिने पिशवीतून कागद काढला, पेन उघडलं.

"सर, आता एकच नाव राहणार. कुठलं खोडू? तुमचं, की माझ्या गावाचं?"

सरांची नजर बशीवरून हलली नाही.

"थांब गो जरा. तिने अजून होकार दिलेला नाही."