झुपकेरावांची यादी

जनावरांच्या जत्रेत आकाशपाळणा पहिल्यांदा आला, त्या वर्षीची ही गोष्ट. झुपकेराव बोकडांनी बायकोला आणि तीन करडांना जत्रेला न्यायचं ठरवलं. केळीच्या पानावर काट्याने यादी कोरली: आधी पाळणा, मग घसरगुंडी, दुपारी जेवण, आणि लांडगे बाहेर पडायच्या आत घरी.

पाळण्यापाशी ही भली मोठी रांग!

"बाबा, तोवर घसरगुंडीवर जाऊ ना," धाकटी टिंगी म्हणाली.

"यादीत पाळणा आधी आहे!"

"मग जेवू तरी."

"जेवण दुपारी!"

थोड्या वेळाने झुपकेरावांनी यादी बघायला मान वळवली, तर बायकोच्या तोंडात नुसता देठ.

"अहो, बोलता बोलता खाल्ली गेली," चांदीबाई म्हणाल्या. "जेवणाची ओळ तर फारच छान लागली."

मग काय, करडं सोळा वेळा घसरली. सतराव्या वेळी बाबाही बेंऽऽ करत घसरले. घरी जायची आठवण मात्र लांडग्यांनीच करून दिली. सगळे शेपट्या वर करून पळाले, म्हणून वाचले.

पुढच्या वर्षी झुपकेरावांनी घरी जायची वेळ तेवढी दगडावर कोरली. बाकीची यादी पुन्हा पानावरच, पण या खेपेला चांगल्या कोवळ्या.