आजीसाठी राखलेले घोसाळे

डोंगराच्या कुशीतल्या एका रानात, करवंदाच्या जाळीखाली, एक सशीण आपल्या चार पिल्लांना घेऊन राहत असे. मागच्या उन्हाळ्यात रानातले सारे गवत वाळून गेले, तेव्हा शेजारच्या उंबरावरची म्हातारी वानरीण रोज सकाळी फांद्या हलवून पिल्लांसाठी उंबरे खाली टाकी. त्या उंबरांवर पिल्ले जगली. सशीण हे उपकार जन्मात विसरणारी नव्हती.

यंदा उंबर फळला नाही, आणि वानरिणीचे उरलेसुरले दातही पडले. झाडावर चढवेना, कडक काही चाववेना. कोवळा पाला मिळाला तर ती खाई, नाहीतर पाणी पिऊन निजे. हे सशिणीने पाहिले. "आजींना मऊ काहीतरी मिळालं पाहिजे," असे म्हणून तिने घोसाळ्याचा वेल लावायचे ठरवले. एका खारीने गावातल्या परसातून बी आणून दिले. बी टणक, म्हणून सशिणीने ते रात्रभर भिजत घातले. माती भुसभुशीत करून आळे केले. लेंडीखत तर घरचेच होते. रोपे वर आल्यावर मरतुकडी उपटून एक जोमदार तेवढे ठेवले आणि पानाच्या द्रोणाने त्याला ओढ्याचे पाणी घातले. पिल्लांना ताकीद होती, "वेलाला तोंड लावाल तर कान उपटीन." आता सशाचे कान उपटायचे म्हणजे केवढे काम, ते मुलांनो, तुम्हीच समजा.

वेल जाळीवर चढला. आधी पिवळीधमक फुले आली आणि गळूनही गेली. सशीण रडकुंडीला आली. खार म्हणाली, "पहिली फुलं तशीच जातात, ताई. ज्या फुलामागे इवलंसं घोसाळं दिसेल, तेच फूल फळ धरील." तसेच झाले. अशी फुले आली, मधमाश्या त्यांवर फिरल्या आणि एक घोसाळे वाढीला लागले. ते वीतभर झाले तेव्हा खार म्हणाली, "आजच तोड. तोडत राहशील तशी नवी लागत राहतील."

"एवढंसं?" सशीण म्हणाली. "ज्यांनी माझी चार पिल्लं जगवली, त्यांच्यापुढे वीतभर घोसाळं ठेवू? चांगलं हातभर होऊ दे. साऱ्या रानाने बघितलं पाहिजे."

"भूक आजीला लागलीय, रानाला नाही," खार म्हणाली. पण सशिणीने ते घोसाळे पानांआड झाकून ठेवले.

घोसाळे वाढत गेले. वेलाने आपले सारे बळ त्या एकालाच दिले, त्यामुळे बाकीची इवली घोसाळी पिवळी पडून झडली आणि नवी फुले येणेही थांबले. सशीण रोज उंबराखाली जाऊन सांगे, "आजी, थोडी कळ काढा. तुमच्यासाठी काहीतरी राखून ठेवलंय." "काढते हो," म्हणून वानरीण खोडाला टेकून बसे. दिवसेंदिवस तिची हाडे वर दिसू लागली होती.

अखेर घोसाळे हातभर झाले. सशिणीने ते तोडले, रानफुलांनी सजवले आणि चारी पिल्लांच्या पाठीवर देऊन थाटात मिरवत नेले. ते वजनाला हलके कसे, हा प्रश्न तिला पडला नाही. वानरिणीने ते दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले आणि मोठ्या आशेने तोंडात घातले. हिरड्यांत नुसते धागे आले. घोसाळे जून होऊन आत त्याची जाळी झाली होती.

वानरीण हसली. "पोरी, याने अंग छान घासून निघेल. पण पोटाचं काय करू?"

सशिणीचे डोळे भरून आले. "आजी, तुमचे उपकार मोठे. त्यांना शोभेल असं द्यायचं होतं."

"अगं, मी उंबरं टाकत होते तेव्हा काय मोठी निवडून टाकत होते? हाताला येईल ते टाकत होते. किडकीसुद्धा असायची त्यात. पण तुझ्या पिल्लांना त्या दिवशी भूक होती, म्हणून त्या दिवशीच टाकत होते."

सशीण तशीच मागे फिरली. घरी येऊन तिने वेलाची वाळकी पाने काढली, आळे उकरले, पुन्हा खत-पाणी घातले. डोक्यावरचा भार उतरलेल्या वेलाला हळूहळू नवे फुटवे आले, फुले आली, आणि पहिले घोसाळे बोटभर होताच ती ते तोंडात धरून पहाटे धावत सुटली. फुले नव्हती, मिरवणूक नव्हती. वानरिणीने ते हिरड्यांनी सावकाश कुस्करून खाल्ले, हनुवटीवरून ओघळलेला रसही पुसून चाटला. सशिणीने आभाराचे दोन शब्द मनात जुळवून ठेवले होते, पण ती म्हाताऱ्या आजीचे चालणारे तोंड पाहत बसली आणि बोलायचे राहूनच गेले. खाणे संपल्यावर वानरिणीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारले, "उद्या येशील ना गं?"

तात्पर्य : उपकाराची फेड कोवळी असतानाच करावी, मोठी होण्याची वाट पाहिली, तर ती मिरवायला उरते, भूक भागवायला उरत नाही.