थरथरत्या हातांची वाटी

निळ्या डोंगराच्या पायथ्याशी बकुळा आणि तिची आई सुगंधा राहायच्या. आई मातीची भांडी घडवायची. पण त्यांच्या जुन्या भट्टीला लांबलचक भेग पडली होती. आत गेलेलं भांडं तडकूनच बाहेर यायचं. "दोष या भट्टीचाच," आई दर वेळी म्हणायची. आता ती दूरच्या वीटभट्टीवर कामाला जाणार होती आणि बकुळाला मावशीकडे ठेवणार होती. मावशी छानच होती. पण ती आई नव्हती.

शेजारच्या बागेत जपानहून आलेली नात्सुको आजी राहायची. आज दुपारी तिचे भाऊ केंजी आजोबा जेवायला येणार होते. त्यांच्याकडचं जेवण गमतीचं! एका वेळी इवलासा पदार्थ, मग दुसरा, आणि प्रत्येकाला त्याचं त्याचं भांडं. ती भांडी आई देणार होती. तीही तडकली.

बकुळा तळ्याकाठी माती आणायला गेली. तिथे चिखलात काहीतरी चमचमत होतं. बोटाएवढी परी! तिचे मोरपंखी पंख चिखलात रुतले होते. बकुळाने ओंजळीतून थेंब थेंब पाणी सोडलं.

"हळू गं, मोडतील!"

"मग हलू नकोस ना!"

पंख सुटले. परी लख्ख झाली. "तुला तीन इच्छा," ती म्हणाली. "पण नियम ऐक. वस्तू मातीचीच हवी. बोलशील तश्शीच होईल, नंतर दुरुस्ती नाही."

"भट्टी चालेल?"

"चालेल की."

"ती शेवटी मागते. आधी भांडी, आजी खोळंबल्यात." बकुळाने डोळे मिटले. "माशाच्या तुकड्यासाठी एक लाट. निळीशार, एका कडेला उसळलेली. आणि सूपासाठी कमळ. उभ्या पाकळ्या, गुलाबी टोकं!"

दोन्ही भांडी गवतावर झळाळत उभी राहिली.

जेवताना लाट पाहून केंजी आजोबा खुदकन हसले. मग सूप आलं. त्यांच्याकडे सूपाला चमचा नसतो. वाटी दोन्ही हातांनी उचलून ओठाला लावायची. हे बकुळाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आजोबांचे हात वयाने थरथरत होते. कमळ डुगडुगलं, पाकळी ओठाला टोचली, सूप सांडलं. त्यांनी ते अलगद खाली ठेवलं. "सुंदर आहे," म्हणाले, आणि हात मांडीवर घेऊन बसले.

"राहू दे गं बाळ," आजी म्हणाली. "कपाटात शोभेल."

कुणी रागावलं नाही. बकुळाला मात्र रडू फुटलं. ती धावत बागेत आली.

"एकच इच्छा उरलीय," कुंपणावर बसलेल्या परीने आठवण करून दिली. "भट्टी ना?"

बकुळाने खिडकीतून पाहिलं. आजोबा नुसतेच वाफेकडे बघत होते.

"आजोबांना भूक लागलीय," ती म्हणाली. "वाटी दे. बुडाला जड. दोन्हीकडे अंगठे बसतील असे खळगे. काठ गुळगुळीत, अगदी साईसारखा. आणि रंग... कुठलाही चालेल."

रंग मातीचाच आला. आजोबांचे अंगठे खळग्यांत बसले, वाटी स्थिर झाली, आणि सुर्र्र असा भुरका ऐकू आला. लगेच दुसरा. मग त्यांनी रिकामी वाटी पुढे केली. "अजून!"

आजीचे डोळे भरून आले. "घरात सगळ्यांना अशाच हव्यात. आई करेल?"

"करेल. पण आमची भट्टी फुटकी आहे," बकुळाने खरं ते सांगितलं.

परी तिच्या कानाशी आली. "मागितलेलं देण्याला नियम असतात," ती कुजबुजली. "न मागता द्यायला नाहीत." तिची सोनेरी ठिणगी झाली, कुंपणावरून उडाली, भट्टीच्या भेगेत शिरली. सगळं अंगण लखलखलं. मग परी नव्हती. भेगही नव्हती.

आईने भट्टीवरून तीनतीनदा नख फिरवून पाहिलं. बकुळाला घट्ट जवळ घेतलं. वीटभट्टीवर जायला बांधलेलं गाठोडं सोडता सोडता म्हणाली, "बाई गं! आता काही तडकलं, तर दोष कुणावर ढकलायचा?"