सोडायला घाबरणारं मूत्रपिंड

पुष्कळ वर्षांपूर्वी एक उंटीण वाळवंटात वाट चुकली. आठ दिवस तिला पाण्याचा थेंब मिळाला नाही. रक्ताचा जोर ओसरू लागला, तशी तिच्या मूत्रपिंडाला धडकी भरली. त्याने रेनिन नावाचं विकर रक्तात धाडलं. त्या हाकेसरशी रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या आणि मूत्रपिंडाने मीठ-पाण्याचा कण न् कण धरून ठेवला. उंटीण तगली.

नवव्या दिवशी तळं लागलं. ती पोटभर प्यायली. तरी मूत्रपिंड काही सोडेना.

"बाळा, आता पुरे," हृदय धापा टाकत म्हणालं. "एवढं रक्त ढकलताना माझ्या भिंती ताणल्यात."

"आणि उद्या पुन्हा पाणी मिळालं नाही तर? मीच वाचवलं ना सगळ्यांना?"

"तूच वाचवलंस. म्हणून तर तुलाच विनवावं लागतंय." हृदयाने आपल्या संप्रेरकाकरवी निरोप पाठवला: मीठ सोड, पाणी सोड.

मूत्रपिंडाला वाटलं, सोडलं की आपली गरज संपली. पण हृदयाचा एकेक ठोका जड होत चालला होता. शेवटी मन घट्ट करून त्याने पाण्याला वाट दिली.

हळूहळू ठोका हलका झाला. नऊ दिवसांत पहिल्यांदाच मूत्रपिंड तो न घाबरता ऐकत राहिलं.