परसातल्या अंजिराची कीड

फार पूर्वी भोगवर्धन नगरावर सुषेण राजाची सत्ता होती, आणि त्याच नगरातल्या एका गंध्याच्या घरी बोधिसत्त्व जन्मला होता. तेथे त्याला नंदिषेण म्हणत. चंदन, वाळा आणि ऊद यांच्या व्यापारासाठी तरुणपणी तो तांड्याबरोबर उत्तरेकडे गेला, आणि परतताना ओल्या कापडात गुंडाळून अंजिराची एक फांदी घेऊन आला. परसात विहिरीच्या काठी त्याने ती लावली. फांदी जगली, तिचे झाड झाले. झाड फळू लागल्यावर नंदिषेणाने गल्लीतल्या घराघराला त्याची एकेक फांदी दिली. काही वर्षांत त्या गल्लीत अंजिराची गोडी माहीत नाही असे मूल उरले नाही. बायका फळे उन्हात वाळवून त्यांच्या माळा ओवीत, आणि लेक सासरी निघाली की पाठवणीच्या सामानात एक माळ आवर्जून ठेवीत.

मग एका वर्षी पावसाळा सरता सरता झाडे वाळू लागली. आधी शेंड्याची पाने पिवळी पडली, मग फांद्या सुकल्या. खोडांतून काळपट चीक झिरपू लागला. श्रीगुप्त नावाच्या सोनाराच्या परसातले झाड तर साध्याशा वाऱ्याने कमरेत मोडून पडले. कालपर्यंत उभे असलेले झाड असे मोडते कसे, हे कोणालाच कळेना.

"हे झाड मेलं नाही," श्रीगुप्त म्हणाला. "कोणीतरी मारलंय."

हा शब्द गल्लीत फिरला आणि माणसे एकमेकांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागली. शेजारीण विहिरीवर आली की तिच्या घागरीत नुसते पाणीच आहे ना, हे डोकावून बघितले जाई. लोकांनी कुंपणांवर बोराटीच्या काट्या रचल्या. एकीने शेजारून आलेल्या खिरीतली थोडी आधी मांजरापुढे ठेवली. मांजराने ती चाटूनपुसून खाल्ली, तरी बाईने उरलेली खीर मोरीत ओतली. ज्याचे झाड जरा हिरवे दिसे, त्याच्या दाराशी बाकीचे उगाचच घुटमळत.

गल्लीच्या टोकाला रोहिता नावाची एक विधवा रंगारीण राहत असे. ती परगावाहून आलेली. तिच्या अंगणात रंगाचे रांजण मांडलेले होते, झाडाला जागाच नव्हती, म्हणून तिने अंजिराची फांदी घेतली नव्हती. सकाळी झाडलोट होण्याआधी ती परसांच्या मागून जाते, वाकून काहीतरी उचलते आणि पदरात टाकते, हे लोकांनी पाहिले होते. एके दिवशी श्रीगुप्ताने तिला वाटेत अडवले.

"पदरात काय आहे, बाई?"

"पानं आहेत. गळलेली, पिवळी. उकळली की सुताला पिवळा रंग चढतो."

"आमची पानं गळावीत म्हणून काय करतेस?"

"मी काही करत नाही, दादा. पडलेली उचलते."

"झाडं मरायला लागली तेव्हापासूनच उचलतेस ना?"

रोहिता गप्प झाली, कारण ते खरे होते. त्याआधी एवढी पाने गळतच नव्हती. पण तिचे गप्प बसणे लोकांनी पाहिले आणि त्यांची खात्री पटली. कोणी म्हणाले, तिच्या रांजणातले पाणी जमिनीत मुरते. कोणी म्हणाले, हिच्या नवऱ्याला काय झाले होते ते तरी कोणाला ठाऊक आहे? पंच बोलवायचे ठरले. दोष शाबीत झाला तर रांजण फोडून तिला नगराबाहेर घालवायचे, हेही आधीच ठरून गेले.

साऱ्या गल्लीत नंदिषेणाचे झाड तेवढे हिरवेगार होते. फळांनी फांद्या वाकल्या होत्या. राजवाड्यातून निरोप आला की यंदा राणीसाहेबांसाठी अंजीर फक्त गंध्याच्या परसातून यावेत. लोक त्याला म्हणत, "तुमच्याकडून ती मीठपीठ नेते, म्हणून तुमच्या झाडाला तिने हात लावला नाही." नंदिषेणाला हे पटत नसे. तरी तो तिच्या बाजूने काही बोललाही नाही. त्यानेही तिला कुंपणापाशी वाकलेली पाहिले होते, आणि त्याच्या मनातही एक खडा टोचत होता.

पंच बसायच्या आदल्या सकाळी तो विहिरीवर तोंड धूत होता. अंजिराच्या बुंध्याशी पाने एकमेकांना चिकटून पडली होती. त्याने ती पायाने सारली. खाली पिठासारखा बारीक, ओलसर भुसा साचला होता. तो खाली बसला. बुंध्याची भिंतीकडची बाजू कधी कोणी न्याहाळली नव्हती. तेथे सालीत बोट जाईल एवढी गोल भोके होती, जणू सुताराने सामत्याने पाडावीत तशी. त्याने घरातून लोखंडी सळई आणली आणि एका भोकात सरकवली. टोकाला काहीतरी मऊ लागले. सळईबरोबर पांढरी, बोटभर जाडीची अळी बाहेर आली. तिचे काळे जबडे अजून हलत होते.

बाकीची भोके जुनी होती, कडा वाळलेल्या. त्यांतले रहिवासी भुंगेरे होऊन केव्हाच उडून गेले होते. मागच्या वैशाखात तिन्हीसांजेला लांब मिशांचे करडे भुंगेरे या झाडावरून भिंतीपलीकडे जाताना त्याने पाहिले होते, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष केले होते. आता सगळे उलगडले. त्याच्या झाडाचे खोड जाड होते, मुळे विहिरीच्या पाण्याला भिडलेली होती, म्हणून आत पोखरले जाऊनही ते फळत होते. शेजारची कोवळी झाडे मात्र तेवढा मार सोसू शकली नाहीत.

मन लगेच सबबी शोधू लागले. भुंगेरे रानातूनही आले असतील. भोके कोठली आधीची, हे कोण सांगणार? नंदिषेण स्वतःशीच थबकला. रंगारणीच्या पदरातल्या पानांवरून जे मन सहज संशय घेत होते, तेच मन हातात अळी असताना आपल्या झाडावर संशय घ्यायला तयार नव्हते.

त्याची पत्नी धारिणी मागे येऊन उभी होती. तिने भुसा पाहिला, अळी पाहिली.

"अहो, यातलं कोणाला सांगणार नाही ना?"

"उद्या पंचांना सांगावं लागेल."

"ते रोहितेला सोडतील आणि आपल्याला धरतील! फांद्या कोणी वाटल्या, असं विचारतील. त्यापेक्षा सगळ्या अळ्या गुपचूप काढू, भोकं बुजवू. तिला वाटखर्चाला सोनं देऊ. ती परकीच आहे, कुठंही राहील."

"आणि झाडं मरतच राहिली, तर पुढच्या खेपेला कोणाला बाहेर काढायचं?"

धारिणीने तोंडाला पदर लावला. "मला भीती वाटते हो," ती म्हणाली.

"मलाही वाटते," नंदिषेण म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गल्ली पंचांभोवती जमली. रोहितेला मध्ये उभे केले होते. तिच्या हातांवरचा निळा रंग लोक एकमेकांना दाखवीत होते. श्रीगुप्त बोलायला उठणार, तोच नंदिषेणाने हात जोडले.

"निवाडा करण्याआधी सगळ्यांनी माझ्या परसात यावं."

लोक आले. नंदिषेणाने कोणाला काही सांगितले नाही. त्याने कमरेला धोतर खोचले आणि फळांनी लगडलेल्या त्या झाडावर कुऱ्हाड घातली. धारिणी घरात निघून गेली. कोणीतरी ओरडले, "श्रेष्ठी, वेड लागलं का?" पांढरा चीक त्याच्या हातांवर उडत होता, कातडीची आग होत होती, तरी तो थांबला नाही. झाड आडवे झाले. मग त्याने खोड उभे चिरले. आत लाकूड थोडे आणि बोगदेच फार होते. त्यांत भुसा ठासलेला, अळ्या वळवळत होत्या, आणि एका पोकळीत पंख फुटलेला भुंगेरा बाहेर पडायच्या तयारीत मिशा हलवीत होता.

"तुमच्या झाडांना यांनी मारलं," नंदिषेण म्हणाला. "आणि हे माझ्या घरात वाढले. रोहिताबाईंचा यात काही दोष नाही."

मग श्रीगुप्ताने त्याच्याकडे रोखून पाहिले. "तू आम्हांला फांद्या दिल्यास, तेव्हा कीडही जाणूनच दिलीस का? राजवाड्यात तुझेच अंजीर जावेत म्हणून?"

"जाणून नाही. पण माझ्या झाडाकडे मी नीट पाहिलं नाही. जो दंड ठरेल तो भरीन."

काहींनी त्याचे म्हणणे मानले, काहींनी नाही. पंचांनी दंड लावला नाही. प्रत्येक परसातली कीड काढून देण्याचे काम मात्र त्याच्याकडे सोपवले. नंदिषेण घरोघर गेला. भोकांत सळई घालून अळ्या काढल्या, कडुलिंबाच्या तेलात भिजवलेला कापूस आत दाबला, वरून शेणमातीने तोंडे लिंपली. मेलेली लाकडे गावाबाहेर नेऊन जाळली. पुष्कळ झाडे गेली, काही वाचली. राजवाड्याचा निरोप पुन्हा कधी आला नाही.

तो रोहितेच्या दारीही गेला. "तुम्हांला नावं ठेवली जात होती, तेव्हा मी गप्प बसलो," तो म्हणाला. "मला क्षमा करा."

"क्षमा केली," रोहिता म्हणाली. "पण त्या दिवसापासून माझ्या दारावरून जाताना सगळे हसून बोलतात, आणि मला वाटतं, हे कशासाठी हसतात? आता हा संशय माझ्यात शिरला. तो घेऊन इथं राहू कशी?"

त्या महिन्यात ती गाडीत रांजण घालून दुसऱ्या नगरी निघून गेली. श्रीगुप्त मात्र जन्मभर तेथेच राहिला, आणि नंदिषेणाच्या घरचा कोणताही पदार्थ हुंगल्याशिवाय त्याने कधी तोंडात घातला नाही. नंदिषेण त्याला प्रत्येक सणाला ताट पाठवीत राहिला.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा एका विहारात सांगितली. तेथे तिष्य नावाच्या भिक्खूचे अंगावर पांघरायचे चीवर फाटलेले सापडले होते, आणि त्याने नुकत्याच आलेल्या उत्तिय भिक्खूवर आळ घेतला होता. चीवर उंदरांनी कुरतडले होते. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, त्या वेळचा श्रीगुप्त तो हा तिष्य. रोहिता तो उत्तिय. धारिणी ती या विहाराला रोज भिक्षा देणारी उपासिका. आणि गंधी नंदिषेण तो मी."

तिष्य उठला आणि उत्तियाला शोधायला बाहेर गेला. उत्तियाची खोली रिकामी होती. तो सकाळीच वाटेला लागला होता. तेव्हा तिष्यही भिक्षापात्र घेऊन त्याच वाटेने निघाला.

त्या जन्मी बोधिसत्त्वाने बुद्धत्वाकडे नेणाऱ्या गुणांपैकी जी पारमिता पुरी केली, ती सत्याची होय.